नगरला जन्मलेला बालसाहित्यिक : स्पाइक मिलिगन

अहमदनगर म्हटले की मराठी ख्रिस्ती वाचकाला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे स्मरण होते, आणि ते यथायोग्यच आहे. फुलामुलांचे कवी हा टिळकांचा लौकिक नगरशी निगडित आहे. परंतु टिळक हयात असतानाच, १६ एप्रिल १९१८ रोजी, याच नगरला आणखी एक बालसाहित्यिक जन्मास आला. टेरेन्स ॲलन मिलिगन हे त्यांचे नाव. जग त्यांना स्पाइक मिलिगन म्हणून ओळखते. नगरच्या साहित्यपरंपरेविषयी लिहिताना हे इंग्रजी नाव सहसा घेतले जात नाही. ते का घ्यावे, एवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

मिलिगन यांचे वडील लिओ हे आयर्लंडमधील स्लायगोचे, ब्रिटिश तोफखान्यात चाकरीला. आई फ्लॉरेन्स इंग्रज. मुलगा कॅथलिक संस्कारात वाढला. लष्करी बदल्यांबरोबर बिऱ्हाड हलत राहिले. पुण्याचे जीझस अँड मेरी कॉन्व्हेंट आणि पुढे रंगूनची, दे ला साल बंधूंची सेंट पॉल शाळा, येथे त्याचे शिक्षण झाले. १९३० च्या दशकाच्या आरंभी हे कुटुंब इंग्लंडला गेले. हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील उन्हात ज्याचे बालपण सरले, त्याला लंडन परके वाटले असल्यास नवल नाही.

दुसऱ्या महायुद्धात वडिलांप्रमाणेच तेही तोफखान्यात होते. १९४४ साली इटलीच्या आघाडीवर ते जखमी झाले. देहाची जखम भरली. मनाची मात्र कायमची राहिली. उन्मादाची आणि खोल विषण्णतेची आवर्तने त्यांना आयुष्यभर छळत राहिली. १९५१ ते १९६० या काळात बी.बी.सी.वर गाजलेल्या ‘द गून शो’ या विनोदी नभोनाट्यमालेचे बहुतेक लेखन त्यांनी केले, तेही या आजाराशी झगडत.

त्यांचे बालसाहित्य या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. १९५९ साली त्यांचा ‘सिली व्हर्स फॉर किड्स’ हा संग्रह निघाला. त्यातील एका कवितेत गाई, माकडे आणि चहाच्या किटल्या आपापले चमत्कारिक आवाज काढतात. १९९८ साली ब्रिटनमध्ये घेतलेल्या कौलात तीच सर्वाधिक आवडती विनोदी कविता ठरली. विंदा करंदीकरांच्या ‘एटू लोकांचा देश’ मध्ये रमलेल्या मराठी वाचकाला ही दुनिया अनोळखी वाटणार नाही. १९७३ च्या ‘बॅडजेली द विच’ या गोष्टीत टिम आणि रोझ ही भावंडे हरवलेल्या गाईच्या शोधात निघतात. चेटकिणीच्या तावडीत सापडलेल्या या मुलांच्या गोष्टीत देव स्वतः एक पात्र होऊन येतो. गोष्टीत उपदेश नाही. देवही तेथे मुलांच्या खेळात सामील होतो. बोधकथांच्या ओझ्याखाली वाकलेल्या आमच्या बालवाङ्मयाने याचा विचार करावा.

मिलिगन कोणाचे? ज्या देशासाठी त्यांनी रक्त सांडले, त्याच ब्रिटनचे पारपत्र मिळवताना त्यांच्यापुढे राजनिष्ठेच्या शपथेची अट आली. त्यांनी ती नाकारली आणि १९६२ साली आयर्लंडचे नागरिकत्व स्वीकारले. म्हणूनच २००१ साली मिळालेला ‘सर’कीचा मान त्यांच्या बाबतीत केवळ सन्माननीय ठरला. आपला मनोविकार त्यांनी लपवला नाही; १९९३ साली मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासह त्यांनी नैराश्यावर पुस्तक लिहिले. ज्या काळात असा आजार घराच्या चार भिंतींत दडवला जाई, त्या काळातील हे धैर्य आम्हांला त्यांच्या विनोदाइतकेच मोलाचे वाटते.

२७ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील विंचेल्सी येथे त्यांची कबर आहे. ‘मी आजारी असल्याचे तुम्हांला सांगितले होते’ अशा अर्थाचा लेख त्यांना दगडावर हवा होता. चर्चच्या अधिकाऱ्यांना तो इंग्रजीत मान्य होईना. अखेर तो आयरिश भाषेत कोरला गेला.

तीन देशांनी ज्याचा हिशेब आपापल्या कागदांत ठेवला, त्याच्या जन्माची पहिली नोंद नगरची आहे. मिशनच्या आवारातील टिळक आणि छावणीत जन्मलेला हा आयरिश मुलगा यांच्यात भाषा, पंथ आणि सत्ता यांचे अंतर होते. तरीही दोघांनी मुलांना आपले मानले. नगरच्या वाङ्मयीन इतिहासात टिळकांच्या पानाशेजारी मिलिगन यांच्यासाठी चार ओळी राखून ठेवाव्यात, एवढीच आमची सूचना आहे.