धावडशीकर स्वामींचा खजिना

सर्वसंगपरित्याग करून दंडकमंडलू हाती घेतलेल्या पुरुषाने पेशव्यांना, आंग्ऱ्यांना आणि छत्रपतींच्या लहानमोठ्या सरदारांना व्याजाने कर्जे द्यावीत, त्यांचे हिशेब ठेवावेत आणि वसुलासाठी तगादेही लावावेत, ही गोष्ट आजच्या वाचकाला विपरीत वाटते. परंतु अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांच्या बाबतीत ती घडत होती, आणि ज्यांच्याशी हा व्यवहार चाले त्यांना त्यात काही वावगे वाटत असल्याचे दिसत नाही. स्वामींचे चरित्र समजून घ्यावयाचे तर ह्या व्यवहारापासूनच आरंभ करणे मला योग्य वाटते, कारण त्यांची भक्ती, त्यांचा क्रोध आणि त्यांचे राजकारण ही तिन्ही त्या खजिन्याच्या आसपास वावरतात.

पूर्वाश्रमीचे विष्णुपंत हे वऱ्हाडातले. काशीस संन्यासदीक्षा घेऊन, बरीच तीर्थे हिंडून ते सतराव्या शतकाच्या अखेरीस कोकणात उतरले आणि चिपळुणाजवळच्या परशुराम क्षेत्री त्यांनी तपश्चर्या मांडली. दरवर्षी श्रावणात महिनाभर समाधी लावून बसण्याचा त्यांचा नेम होता, आणि ह्या कडकडीत अनुष्ठानाची कीर्ती पसरताच ब्राह्मण, मराठे, दर्यावर्दी सगळेच त्यांच्या पायांशी येऊ लागले. जंजिऱ्याच्या सिद्दीनेही देवस्थानाला गावे लावून दिली होती. येणाऱ्या द्रव्यातून देवालय उभे राहिले, पूजाअर्चा चालली, आणि उरलेले द्रव्य साठत गेले. भक्त स्वामींना भार्गवाचेच रूप मानीत. तेव्हा स्वामींचे द्रव्य ते देवाचे द्रव्य आणि ते बुडविणे म्हणजे देवाचे देणे बुडविणे, ही समजूत आपोआपच दृढ झाली. कोणत्याही सावकारी पेढीला इतके भक्कम तारण मिळाले नसेल.

परशुराम क्षेत्राची जागा मात्र नाजूक होती. वाशिष्ठीच्या काठचा गोवळकोट आणि तिच्या मुखावरचे अंजनवेल ही दोन्ही ठाणी सिद्दीकडे होती आणि समुद्रावर आंग्ऱ्यांचा अंमल होता. सावनूरच्या नबाबाकडून ह्या ठाण्यांचा अंमलदार सिद्दी सात ह्याच्यासाठी येत असलेला एक हत्ती आंग्ऱ्यांच्या लोकांनी वाटेत अडविला, तो स्वामींच्याच सल्ल्याने अडविला असा सिद्दी साताला वहीम आला, आणि 1727 च्या महाशिवरात्रीस त्याने परशुरामावर चालून येऊन देवालय उद्ध्वस्त केले, द्रव्य लुटले आणि ब्राह्मणांचे हाल केले. स्वामींनी कोकण सोडले. शाहू महाराजांनी त्यांना साताऱ्याजवळचे धावडशी गाव इनाम दिले, आणि तेथून पुढची अठरा वर्षे हा वृद्ध संन्यासी मराठी राज्याच्या कारभाराला आपल्या पत्रांनी सारखा टोचीत राहिला.

ह्या पत्रांचे मर्म कळण्यासाठी त्या काळच्या फौजेची आर्थिक रचना डोळ्यांपुढे आणावी लागते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज मुलुखगिरीस निघावयाची, ती निघण्यापूर्वी शिलेदारांना नालबंदी, म्हणजे आगाऊ खर्चाची रक्कम, रोख मोजावी लागे. खंडणी, चौथाई आणि सरंजामाचा वसूल हाती येईपर्यंत पुढचे कैक महिने जात, आणि पुष्कळदा तो कागदावरच राही. ही मधली पोकळी सावकार भरून काढीत. बाजीरावासारखा पुरुष, ज्याच्या घोड्यांच्या टापा नर्मदेपलीकडे ऐकू येत, तोच धावडशीस पाठविलेल्या पत्रांतून सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पायां पडून पडून आपण मेटाकुटीस आल्याचे काकुळतीने कळवितो. जो मनुष्य कर्जही देतो आणि ज्याच्यापाशी कर्जाचे दुःखही सांगता येते, असा दुसरा धनको बाजीरावाला कोठे मिळणार होता?

मात्र हे देणे केवळ व्याजासाठी नव्हते. परशुरामाचा सूड स्वामींच्या मनातून कधी गेला नाही. 1733 साली जंजिऱ्यावर मोठी मोहीम झाली, रायगड परत मिळाला, पण पेशवे, प्रतिनिधी आणि आंग्रे ह्यांचे एकमत न झाल्याने ती तहावर आटोपली. पुढे 1736 च्या एप्रिलात बाजीरावाचा भाऊ चिमाजी अप्पा ह्याने रेवसजवळच्या लढाईत सिद्दी साताला ठार मारले तेव्हा स्वामींना केवढे समाधान झाले असेल ते सांगावयास नको. तीन वर्षांनी वसई पडली. ह्या यशांत स्वामींच्या प्रोत्साहनाचा वाटा आहे, हे मी मानतो. पण कोकणातल्या ह्या खर्चिक युद्धाचा आग्रह धरताना राज्याच्या इतर गरजांकडे त्यांचे दुर्लक्ष झाले, हेही मला तितकेच खरे वाटते. एका क्षेत्राचे दुःख त्यांनी सगळ्या राज्याचे दुःख मानले, आणि ते सर्वांनी तसेच मानावे अशी त्यांची अपेक्षा राहिली.

इतिहासकार पारसनिसांनी 1900 साली स्वामींचे चरित्र पत्रव्यवहारासह प्रसिद्ध केले आणि त्यांना राष्ट्रगुरूच्या पदवीला नेऊन बसविले. इतिहासकार राजवाड्यांना हे मुळीच मानवले नाही. त्यांनी स्वामींची द्रव्यतृष्णा आणि क्षुल्लक वस्तूंची हाव उघडी करून ह्या पुरुषाला रामदासांच्या पंक्तीत बसविण्याचा प्रयत्न हाणून पाडला. रामदासांशी तुलना अस्थानी होती ह्यात शंका नाही. समर्थांसारखा विचारग्रंथ स्वामींनी मागे ठेवला नाही. त्यांचा विचार काढावयाचा तर त्यांच्या आचरणातूनच काढावा लागतो, आणि ते आचरण सांगते की धन टाकून देणे हा त्यांच्या मते वैराग्याचा एकमेव मार्ग नव्हता. साठलेले द्रव्य त्यांनी देह सुखात ठेवण्यासाठी खर्चिले नाही. देवळे, विहिरी आणि तळी ह्यांवर ते लागले, आणि पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गावांना ह्याचे मोल कळत होते.

राजवाड्यांच्या न्यायनिवाड्यात मला एक उणीव भासते. धावडशीस पत्रे लिहिणारे सगळेच काही ऋणको नव्हते. बाजीरावाची आई राधाबाई, शाहू महाराजांच्या अंतःपुरातली विरूबाई, आंग्ऱ्यांच्या घरची लक्ष्मीबाई ह्या स्त्रिया स्वामींशी पत्रव्यवहार ठेवीत. कान्होजींच्या मागे त्यांच्या मुलांत दौलतीची वाटणी, रुसवेफुगवे आणि उघड लढाया झाल्या, संभाजी विजयदुर्गास आणि मानाजी कुलाब्यास असे घर दुभंगले, तेव्हा त्यांना चार खडे बोल सुनावण्याचा अधिकार ह्या संन्याशाने बजावला आणि तो त्यांनी निदान तोंडावर तरी नाकारला नाही. नुसत्या सावकाराचे हे कोणी ऐकून घेतले नसते. 1745 च्या आरंभी तुळाजी आंग्ऱ्याने अंजनवेल आणि गोवळकोट ही दोन्ही ठाणी जिंकली. त्याच वर्षी, श्रावणात, स्वामींनी धावडशीस देह ठेवला.