मॉनिटर (रंगमंच)

मॉनिटर म्हणजे मैफलीत वा वाद्यवृंदात कलावंताला स्वतःचा आणि साथीदारांचा आवाज ऐकू यावा म्हणून रंगमंचावर ठेवलेला स्पीकर होय. मुख्य स्पीकरांचे तोंड श्रोत्यांकडे असते. त्यांचा आवाज कलावंतापर्यंत अस्पष्ट व किंचित उशिरा पोहोचतो. त्यामुळे सूर आणि लय सांभाळणे कठीण होते. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५,००० श्रोत्यांच्या गोंगाटात बीटल्सच्या कलावंतांना स्वतःचेच गायन-वादन नीट ऐकू येत नव्हते.

प्रकार

जमिनीवर ठेवलेल्या, तिरप्या तोंडाच्या मॉनिटरला ‘वेज’ म्हणतात. कानात घालावयाचे मॉनिटरही वापरात आहेत. मिक्सरवरून प्रत्येकाला वेगळे मिश्रण देता येते. उदाहरणार्थ, गायकाला तानपुरा अधिक, तर तबलावादकाला गायन अधिक.

फीडबॅक

मॉनिटरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून पुनःपुन्हा वर्धित झाल्यास कर्कश शिटी ऐकू येते. यास ‘फीडबॅक’ म्हणतात. कार्डिऑइड मायक्रोफोन मागील बाजूने सर्वांत कमी आवाज ग्रहण करतो. म्हणून मॉनिटर त्याच्या पाठीमागे, कलावंताकडे तोंड करून ठेवतात. तरीही शिटी आल्यास मॉनिटरचा आवाज कमी करतात किंवा इक्वलायझरने तेवढीच कंप्रता दाबतात.