सलाईनची बाटली : लीथ, मुंबई आणि भडगाव

गेल्या चैत्रापासून आमच्या भडगावच्या घरात कॅलेंडरच्या खिळ्याला कॅलेंडर नाही. त्या खिळ्याला दिवसाआड अर्ध्या लिटरची रिंगर लॅक्टेटची बाटली टांगली जाते. खाली चटईवर आई बसते, तिच्या मांडीवर मनी. मनी म्हणजे आमची तेरा वर्षांची मांजर. मी तिच्या दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून तंबू करतो, त्यात सुई सरकवतो आणि नळीची चकती ढिली करतो. बाटलीवरच्या रेघांनी शंभर मिलिलिटर उतरले की थांबायचे. सगळा कारभार आठ-दहा मिनिटांचा.

मनीची मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत. हिवाळ्यात ती माठाखालच्या ओल्या वाळूवर जाऊन बसू लागली, वाटीतले पाणी संपवू लागली आणि तरी वाळत चालली. साडेतीन किलोची मांजर पावणेतीनवर आली. जळगावला नेऊन रक्त तपासले, क्रिएटिनिन चारच्या वर निघाले. डॉक्टर म्हणाले, हे बरे होणारे दुखणे नाही, पण शरीरात पाणी राखले तर चांगले दिवस वाढतील. रोज जळगावला आणणे काही तुम्हाला जमायचे नाही, घरीच द्यायला शिका. दोनदा त्यांनी करून दाखवले, तिसऱ्यांदा सुई माझ्या हातात दिली.

भडगावात परतून बाटल्यांचा खोका घ्यायला मेडिकलवर गेलो, तेव्हा दुकानदाराने सवयीने विचारले, ‘‘पेशंट कोण?’’ मी सांगितले. तो हसला आणि त्याने पाच टक्के ग्लुकोजची बाटली पुढे केली, अशक्तपणाला हीच चांगली म्हणून. ती मी परत केली. ग्लुकोज कातडीखाली द्यायचे नसते, हे मला डॉक्टरांनी बजावले होते. पण का द्यायचे नसते, आणि मुळात हे खारे पाणी शरीरात घालायचे पहिल्यांदा कोणाला सुचले, हा प्रश्न त्या काउंटरवरून माझ्यासोबत घरी आला. पंचवीस वर्षे मी तालुक्याचा इतिहास गोळा करतो आहे. शिक्षण बारावीपर्यंतचे, पोट झेरॉक्सच्या दुकानावर. त्यामुळे प्रश्न पडला की उत्तर स्वतःच शोधत बसण्याची खोड आहे.

उत्तराची सुरुवात पटकीपासून होते. १८१७ साली बंगालमधून उठलेली साथ १८१८ च्या ऑगस्टपर्यंत मुंबईला पोहोचली. इंग्रजांचा अंमल खानदेशात बसला तेही साल १८१८ च. पटकी पुढे रशियामार्गे युरोपात गेली आणि १८३१ च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरली. तेव्हा विल्यम ब्रुक ओशॉनेसी नावाचा बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर रोग्यांचे रक्त तपासायला तिकडे गेला. त्याला आढळले की पटकीत रक्तातले पाणी निघून जाते, आणि त्याबरोबर क्षारही जातात. म्हणजे रोगी आतून कोरडा पडून मरतो. जे गेले ते परत घाला, असे त्याने सुचवले. स्वतः मात्र त्याने ते माणसावर करून पाहिले नाही.

ते केले थॉमस लॅट्टाने, एडिंबरोलगतच्या लीथ बंदरात, मे १८३२ मध्ये. आधी त्याने आतड्यावाटे खारे पाणी देऊन पाहिले, उपयोग झाला नाही. मग एका म्हातारीच्या हाताची शीर उघडून त्याने मीठ आणि सोडा घातलेले कोमट पाणी थेट रक्तात सोडले. म्हातारी अगदी शेवटच्या घटकेला टेकली होती. आधी काहीच फरक दिसेना. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरच्या वर पाणी गेले, तेव्हा तिचे खोल गेलेले डोळे वर आले, हातपाय गरम झाले, नाडी लागली आणि ती बोलू लागली. आता धोका टळला असे समजून लॅट्टा तिला रुग्णालयाच्या सर्जनच्या हवाली करून गेला. तिचे जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाले. पाणी पुन्हा कोणी घातले नाही. साडेपाच तासांनी ती गेली.

लॅट्टाने हे सारे लपवले नाही, पत्रात लिहिले. ‘लॅन्सेट’ने ते पत्र २ जून १८३२ च्या अंकात छापले. यातली चूक त्याला स्वतःला कळली होती : एकदा देऊन भागत नाही, जितके जाते तितके देत राहावे लागते. पण पुढच्याच वर्षी तो वारला. त्या काळात पाणी उकळून निर्जंतुक करण्याची जाण नव्हती, सोडा-मिठाचे प्रमाण जो तो आपापले धरी, आणि बहुधा मरायला टेकलेल्यांवरच हा प्रयोग होई. साथ ओसरली, उपाय विस्मरणात गेला. ओशॉनेसी १८३३ साली कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि तारायंत्राच्या नादी लागला. हिंदुस्थानात तारेचे जाळे उभे करणारा ओशॉनेसी तो हाच. ज्या देशातून पटकी निघाली तिथे तो राहिला, पण त्याचे नाव झाले ते तारेच्या खांबांमुळे. मला हे फार विचित्र वाटते.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण तारखा मला सोडवत नाहीत. लॅट्टाचे पत्र छापून आले त्याच आठवड्यात, जून १८३२ मध्ये, मुंबईत कुत्र्यांवरून दंगल पेटली. मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांच्या लोभाने पकडणारे घराघरांतली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाज खवळला, कोटातला बाजार बंद पडला, शिबंदीचे पाव-पाणी अडले आणि सरकारला सैन्य आणावे लागले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. म्हाताऱ्या, लुळ्या, बेवारस जनावरांना मरेपर्यंत चारा-पाणी मिळण्याची ती सोय होती. पांजरापोळात जनावर बरे करणे हा मुख्य हेतू नव्हता, त्याला सांभाळणे हा होता. मनीच्या बाबतीत मी जे करतो ते पांजरापोळाच्या जवळचे की दवाखान्याच्या, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दवाखाना नंतर आला. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले आणि त्याला लागूनच १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तरी सरकारी पशुवैद्यकाची नजर घोडा आणि बैल यांच्यावर होती. घोड्यावर लष्कर चाले आणि बैलावर शेतसारा. आमच्या भडगावातही एकोणिसाव्या शतकात सरकारी शेतीफार्म होते, १८८० च्या खानदेश गॅझेटियरात त्याचा उल्लेख येतो. गॅझेटियर मी तालुक्यापुरते अनेकदा चाळले आहे. मांजरीवर खर्च करावा असे लिहिणाऱ्या साहेबाच्या मनात येण्याचे काही कारण नव्हते, आणि आपल्या पाटील-कुळकर्ण्यांच्याही नव्हते. मांजर उंदीर मारी आणि एक दिवस दिसेनाशी होई.

बाटलीकडे परत येतो. १८८२-८३ च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे हृदय खाऱ्या द्रावात ठेवून पाहत होता. एका द्रावात ते तासन्‌तास धडधडत राही. चौकशी केली तेव्हा कळले की तो द्राव करताना ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेले होते. नळाच्या पाण्यात चुना होता. हृदयाला नुसते मीठ पुरत नाही, कॅल्शियमही लागते, हा शोध असा निष्काळजीपणातून लागला. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईसचे बालरोगतज्ज्ञ अॅलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेट घातले. जुलाबाने कोरड्या पडलेल्या तान्ह्या मुलांच्या रक्तात आम्ल वाढते, ते मारण्यासाठी. मूत्रपिंड थकले तरी आम्ल वाढतेच. मनीच्या खिळ्याला टांगलेली बाटली ही अशी लहान मुलांसाठी जुळवलेली आहे.

कातडीखाली पाणी देण्याची वाटही पटकीनेच दाखवली. १८८४ मध्ये नेपल्सला साथ आली तेव्हा आर्नाल्दो कांतानी यांनी शीर न शोधता खारे पाणी कातडीखाली सोडले. कोरड्या पडलेल्या माणसाच्या शिरा चपट्या होतात, सुईला सापडत नाहीत. कातडी मात्र सगळीकडे असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लहान मुलांना असे पाणी सर्रास देत. नंतर शिरेत सुई ठेवण्याची साधने सुधारली. शिवाय क्षार नसलेले नुसते ग्लुकोज कातडीखाली दिल्याने अपघात झाले, कारण तसे पाणी रक्तात जाण्याऐवजी आधी रक्तातलेच क्षार आणि पाणी स्वतःकडे ओढून घेते. दुकानदाराची बाटली मी परत केली त्यामागे हा इतिहास होता. माणसांच्या दवाखान्यातून ही रीत मागे पडली, जनावरांच्या दवाखान्यात टिकली. मांजरीची कातडी सैल, शीर बारीक आणि संयम त्याहून बारीक.

मांजर मुळात वाळवंटाची. कमी पाण्यात भागवायचे आणि लघवी दाट करायची ही तिच्या मूत्रपिंडाची कमाई. म्हातारपणी पहिल्यांदा हीच ताकद जाते. रक्तात दोष दिसेपर्यंत मूत्रपिंडाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कामातून गेलेला असतो. दिलेले पाणी मूत्रपिंड दुरुस्त करत नाही, फक्त उरलेल्या भागाला कोरडे पडू देत नाही. पाण्याचा फुगा काही तासांत जिरतो, कधी ओघळून पुढच्या पायापर्यंत उतरतो. आदल्या वेळचा फुगा तसाच असेल तर नवे पाणी द्यायचे नाही, धाप लागली तर लगेच थांबायचे, हृदय अधू असेल तर हा उपाय उलटतो. आमच्याकडे मेमध्ये पारा चव्वेचाळीसवर गेला की बाटली गरम करावी लागत नाही. थंडीत ती कोमट पाण्यात ठेवावी लागते.

आता जे लिहायचे टाळत होतो ते लिहितो. १९७८ च्या उन्हाळ्यात माझी दोन वर्षांची बहीण हगवणीने गेली. मी सात वर्षांचा होतो. पाणी दिले तर जुलाब वाढतील, असे घरातली मोठी माणसे म्हणाली आणि आईने पाणी तोडले. तेव्हा घरोघर हेच चाले. दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून दवाखान्यात नेले. काचेची बाटली टांगली, पण शीर सापडेना. दोन्ही हात, मग पाय, मग डोके. बाटली भरलेलीच राहिली.

त्याच्या सात वर्षे आधी, १९७१ मध्ये, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली होती. बंगालच्या सीमेवरच्या बनगावात सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांत भरले आणि नातेवाइकांनाच रोग्यांना पाजायला लावले. छावणीतले मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. महालनवीस २०२२ मध्ये वारले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. बनगावची ही हकिगत मी चाळिशी उलटल्यावर वाचली. आईला सांगितली नाही.

यंदा चैत्रात मी पहिल्यांदा घरी सुई लावली तेव्हा आई मनीला धरून होती. सुई गेली, पाणी उतरू लागले. आई थोडा वेळ बाटलीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘हिला शीर नाही शोधावी लागत?’’ मी म्हटले, ‘‘नाही. कातडीखालीच जातं. तेव्हाही देता आलं असतं, कोणाला सुचतं तर.’’ शेवटचे वाक्य मी बोलायला नको होते. मग न राहवून बनगावचेही सांगितले : पिंपे, मीठ, सोडा, आयाबायांनी पाजलेले पाणी. आईने सगळे ऐकून घेतले. मनीच्या पाठीवरून हात फिरवत ती एवढेच पुटपुटली, ‘‘थोडं पानी पी ले व माय.’’ ते मांजरीला होते की कोणाला, मी विचारले नाही.

तेव्हापासून सुईचा दिवस आई चुकू देत नाही. दुकानातून यायला मला उशीर झाला तर शेजारच्या पोराला बोलवायला पाठवते. लेख छापायला देताना मनीचे वजन दोन किलो नऊशे ग्रॅम आहे. क्रिएटिनिन थोडे उतरून पुन्हा चढले आहे, आणि केव्हा थांबायचे ते मांजर सांगेल असे डॉक्टर म्हणाले आहेत. दिवाळीपुरत्या सहा बाटल्या फडताळात आहेत. मेडिकलचा दुकानदार आता पेशंट कोण म्हणून विचारत नाही, म्हातारी कशी आहे विचारतो. कोणती म्हातारी, हे त्यालाही ठाऊक नसावे.