'नॉव्हेल' आणि 'कादंबरी' : एका शब्दाची शिकवणी

पदव्युत्तर वर्गात भाषांतराचा तास चालू होता. इंग्रजी उताऱ्यात 'नॉव्हेल अ‍ॅप्रोच' असा शब्दप्रयोग आला आणि एका विद्यार्थिनीने त्याचे मराठी केले, 'कादंबरीचा दृष्टिकोन'. वर्ग हसला. 'नॉव्हेल म्हणजे कादंबरी' हे समीकरण तिने आपल्या सर्वांप्रमाणेच शाळेत पाठ केले होते. हाच शब्द विशेषण म्हणून आला की त्याचा अर्थ 'नवा, अपूर्व' असा होतो, एवढे तिला कोणी सांगितले नव्हते. तास संपल्यावर मात्र माझ्या मनात आले, की हसणाऱ्यांना तरी या दोन अर्थांमधले नाते कितपत ठाऊक आहे? इंग्रजीत 'नवे' आणि 'कादंबरी' एकाच शब्दात सुखाने नांदतात. मराठीत ती दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत. असे का व्हावे, याचे उत्तर शब्दकोशात मिळत नाही. त्यासाठी वाङ्मयेतिहासाकडे वळावे लागते.

'नॉव्हेल'च्या मुळाशी लॅटिन 'नोव्हुस' आहे; आपल्या संस्कृत 'नव'चा तो भाऊबंदच. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनने आपल्या विधिसंहितेनंतर जे नवे कायदे काढले, त्यांनाही याच मुळावरून 'नोव्हेले' असे नाव पडले. पुढे इटालियनमध्ये 'नोव्हेला' म्हणजे छोटी, ताजी गोष्ट. बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन'मधल्या कथा त्या जातीच्या. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत कथावाचक नाम म्हणून रुळू लागला तो याच अर्थाने. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने आपला कोश सिद्ध केला तेव्हाही त्याने 'नॉव्हेल'चा अर्थ लहानशी, बहुधा प्रेमविषयक कथा असाच दिला. तोवर रिचर्डसनची 'पामेला' (१७४०) आणि फील्डिंगची 'टॉम जोन्स' (१७४९) प्रसिद्ध झाल्या होत्या. फील्डिंगने आपल्या ग्रंथाच्या नावात 'हिस्टरी' हा शब्द घातला. डीफोने 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९) आत्मवृत्त म्हणून वाचकांपुढे ठेवली. वस्तू जन्माला आली होती, तिचे बारसे व्हायचे होते. १७८५ साली क्लारा रीव्हने 'रोमान्स' आणि 'नॉव्हेल' यांतील भेद स्पष्ट मांडला: पहिल्यात कधी न घडलेले अद्भुत, तर दुसऱ्यात लेखकाच्या स्वतःच्या काळातील खरे जीवन आणि रीतिरिवाज. 'नव' या धातुगत अर्थाला येथे नेमके स्थान मिळाले. नवे म्हणजे आजचे.

हा शब्द आपल्याकडे आला तेव्हा निरनिराळ्या भाषांनी त्याचे निरनिराळे स्वागत केले. गुजरातीने 'नवलकथा' म्हटले, तेलुगूने 'नवल' घेतला. ध्वनीही राखला आणि अर्थही. बंगाली व हिंदीने 'उपन्यास' पसंत केला. मराठी आणि कन्नड यांनी मात्र सातव्या शतकातील बाणभट्टाचे बोट धरले. त्याच्या ग्रंथाच्या नायिकेचे, एका गंधर्वकन्येचे, विशेषनाम संपूर्ण वाङ्मयप्रकाराचे सामान्यनाम झाले. वास्तविक 'नवल' हा शब्द मराठीच्या घरातच होता. पण तो तोवर 'आश्चर्य' या अर्थाकडे पुरता झुकलेला होता.

बाणाची कथा शाप, पुनर्जन्म, बोलका पोपट आणि जन्मांतरीचे प्रेम यांनी भरलेली आहे. क्लारा रीव्हच्या वर्गवारीत ती निःसंशय 'रोमान्स'मध्ये पडेल. तरीही हे नाव स्वाभाविक वाटले, कारण त्या पिढीने पुष्कळसे लिहिले ते त्याच वळणाचे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कथांना 'कादंबरी' हे नाव शोभूनच दिसते. खरी गंमत त्यांच्या आधीची आहे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. विषय हिंदू विधवांची तत्कालीन स्थिती. म्हणजे 'नॉव्हेल'च्या अर्थाला जवळचे पुस्तक मराठीत आधी आले, आणि नाव मात्र रुळले ते दुसऱ्याच वाटेवरचे. यात मराठीने काही जगावेगळे केले असेही नाही. फ्रेंच आणि जर्मन भाषांनीही नव्या प्रकाराला 'रोमान्स'च्याच कुळातले 'रोमाँ' व 'रोमान' हे जुने शब्द दिले.

मग मराठी शब्दात 'आजचे'पण आले कोठून? ते हरिभाऊ आपट्यांनी आणले. त्यांनी शब्द बदलला नाही, त्याचा उपयोग बदलला. 'मधली स्थिती' १८८५ सालची; 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः आली. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना हरिभाऊंनी सामाईक शीर्षक दिले होते 'आजकालच्या गोष्टी'. 'नॉव्हेल' या शब्दाचे याहून नेमके मराठी मला तरी सुचत नाही. यमूने स्वतःच्या तोंडाने आपले घर, आपले सासर, आपले वैधव्य सांगितले आणि गंधर्वकन्येच्या नावाखाली पुण्यातील मध्यमवर्गीय घर कायमचे राहावयास आले.

हा इतिहास विसरल्याची किंमत आपण आजही मोजतो. बाणभट्टाची 'कादंबरी' ही जगातील पहिली कादंबरी होय, असे विधान उत्तरपत्रिकांतून, क्वचित व्याख्यानांतूनही, आढळते. ग्रंथाच्या नावावरून प्रकाराला नाव द्यायचे आणि मग त्या नावाच्याच आधारे तो ग्रंथ त्या प्रकारात पहिला ठरवायचा, हा युक्तिवाद वर्तुळात फिरतो. बाणाच्या थोरवीला या पदवीची गरज नाही. आणि वाङ्मयप्रकार समजून घेण्याच्या वाटेत ती आडवी मात्र येते.

पुढच्या तासाला मी फळ्यावर तीनच शब्द लिहिले: नव, नवल, नॉव्हेल. त्या विद्यार्थिनीलाच विचारले, यांत नातेवाईक किती? थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "सर, तिन्ही. पण मग कादंबरी कोण?" त्या दिवशी आम्ही पुढचा उतारा घेतलाच नाही.