तोतया आणि नावाची पत

महाडहून पोलादपूर आणि तेथून आत उमरठला गेलात, तर तानाजी मालुसऱ्यांची समाधी पाहावयास मिळते. 1670 च्या फेब्रुवारीत तानाजी सिंहगडावर पडले. त्यांचा देह घाट उतरवून गावी आणला, आणि ज्या वाटेने आणला तो मढेघाट, असे या बाजूला सांगतात. माणूस गेला, गावाने पाहिले, दगड बसला. पुढे कोणी उठून ‘मीच तो तानाजी’ म्हणावे, अशी सोयच उरली नाही.

पानिपतावर नेमके हे झाले नाही. 14 जानेवारी 1761 रोजी सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी एक शिर नसलेले प्रेत भाऊंचे म्हणून ओळखण्यात आले आणि त्याला अग्नी दिला, असे काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. पण पुण्याची खात्री पटली नाही. पत्नी पार्वतीबाई रणातून जिवंत परत आल्या, आणि त्यांनी आपले सौभाग्य सोडले नाही. त्यांना दोष कोण देणार? मात्र त्यामुळे एक गोष्ट घडली. माणूस नव्हता, पण त्याचे नाव उघडे राहिले, आणि त्या नावाला पत होती.

ती पत उचलली सुखनिधान नावाच्या एका कनोजी ब्राह्मणाने. भाऊंशी चेहऱ्याचे साम्य, एवढेच त्याचे भांडवल! उत्तरेकडे तो भाऊसाहेब म्हणून वावरू लागला. पकडला गेला, चौकशी झाली, खोटा ठरला आणि किल्ल्यांवर कैदेत पडला. वाचकहो, गोष्ट येथे संपावयास हवी होती. ती संपली नाही. 1773 मध्ये नारायणरावांचा खून झाला. मागे तान्हे पेशवे, राघोबादादांशी भांडण, इंग्रजांशी युद्ध आणि 1776 च्या मार्चमध्ये पुरंदरचा तह. घर असे हलले असताना, त्याच 1776 साली, रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैद्याला बाहेर काढले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे केले. बघता बघता कोकणातले किल्ले त्याला मिळाले, हजारो माणसे गोळा झाली, आणि स्वारी बोरघाटापर्यंत पोचली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी ती मोडली. तोतया समुद्रमार्गे पळाला, तो रघूजी आंग्र्यांच्या हाती सापडला. डिसेंबर 1776 मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली.

न. चिं. केळकरांच्या नाटकामुळे हे बंड आपल्याला ठाऊक असते. मला त्यातले एकच कोडे सुटता सुटत नाही. जो एकदा खोटा ठरला होता, त्याच्यावर दहा-अकरा वर्षांनी लोकांनी पुन्हा विश्वास कसा टाकला? माझ्या मते कारण साधे आहे. निकाल दरबारात लागला होता. किल्ल्याकिल्ल्यावरच्या माणसांना तो पटलेला नव्हता. काहींना तो पटवून घ्यावयाचाही नसेल.

सावकारी पेढ्या या बाबतीत अधिक सावध होत्या. शहाजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हातावर ठेवीत नसत. बाजारात ज्याची ओळख आहे अशा पतदार माणसालाच ते मिळत. हुंडी हरवली तर तिची ‘पेठ’, तीही गेली तर ‘परपेठ’ लिहीत. चोराने मूळ कागद आणला, तरी त्याला विचारणारा कोणी तरी असे.

आता चेहऱ्याचीही गरज राहिलेली नाही. कुणा दुकानात दिलेली आधारची आणि पॅनची झेरॉक्स घेऊन तुमच्या नावावर कोणी कर्ज उचलतो, आणि तुम्हांला कळते ते वसुलीचा माणूस दारात आल्यावर. हल्लीच्या पेढ्या परस्परांना विचारतात त्या पतमाहिती कंपन्यांमार्फत. सिबिल ही 2000 साली मुंबईत निघालेली त्यातली पहिली. आज अशा चार आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 2017 पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवलात, तर सारे वर्ष पहारा राहतो. त्यात आपण न काढलेले कर्ज आहे का, अनोळखी पत्ता आहे का, कोणत्या बँकेने आपल्याविषयी चौकशी केली, हे नीट वाचावे. खोटी नोंद दिसली तर बँकेला आणि त्या कंपनीला लेखी कळवावे, पोलिसांत तक्रार द्यावी. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 वर फोन करावा. तक्रारीचा निकाल 30 दिवसांत लागला नाही, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. एकदा निकाल लागला म्हणून थांबू नये. पुढच्या तिमाहीत पुन्हा पाहावे. सुखनिधानाचे उदाहरण समोर आहेच.

आणि घर हलते तेव्हा तर अधिकच पाहावे. लग्नानंतर नाव बदलले, मुंबईचे बिऱ्हाड मोडून गावी आलो, जुना मोबाईल नंबर सोडला. हा नंबर काही दिवसांनी दुसऱ्याला मिळतो, आणि बँकेचे निरोप त्याच्याकडे जाऊ लागतात! घटस्फोट झाला तरी दोघांच्या नावावरचे कर्ज बँकेच्या लेखी दोघांचेच राहते. घरातले माणूस गेले म्हणजे दुःखात कुणाला सुचत नाही, हे खरे. पण मृत्यूचा दाखला बँकेत आणि पतमाहिती कंपनीकडे जाईपर्यंत ते नाव तिथल्या वहीत जिवंतच असते.

पार्वतीबाई 1783 साली वारल्या. तोवर त्यांनी कुंकू पुसले नव्हते.