मोटारीतील ध्वनियंत्रणा

मोटारीतील ध्वनियंत्रणा किंवा कार ऑडिओ म्हणजे वाहनाच्या विद्युतपुरवठ्यावर चालणारी, प्रवाशांना संगीत व रेडिओ ऐकवणारी उपकरणांची जुळणी होय. कारखान्यात बसवलेल्या यंत्रणेऐवजी सुटे भाग निवडूनही ती उभारता येते. अशा उभारणीचा खर्च आणि दर्जा हे भागांच्या किमतीइतकेच त्यांच्या निवडीच्या क्रमावर व बसवणीवर अवलंबून असतात.

इतिहास

अमेरिकेतील गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने १९३० मध्ये 'मोटोरोला' नावाने मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला. पुढे कंपनीनेही हेच नाव धारण केले. फिलिप्सने १९६३ मध्ये सादर केलेली कॉम्पॅक्ट कॅसेट कालांतराने मोटारींतही रूढ झाली. मोटारीतील सीडी प्लेअर १९८४ पासून मिळू लागले.

घटक

यंत्रणेचे नियंत्रण हेड युनिट करते. त्याच्या दर्शनी भागाचे प्रमाणित माप सुमारे १८० × ५० मिमी (सिंगल डिन) किंवा १८० × १०० मिमी (डबल डिन) असते. ॲम्प्लिफायर संकेताची शक्ती वाढवतो. ट्वीटर उच्च, तर सबवूफर नीच वारंवारतेचे ध्वनी निर्माण करतो. क्रॉसओव्हर या वारंवारतांची विभागणी करतो.

शक्तीचे गणित

इंजिन चालू असताना विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत असतो. एवढ्या दाबावर हेड युनिटमधील नेहमीचा ब्रिज प्रकारचा परिपथ ४ ओहमच्या स्पीकरला विकृतीविना तत्त्वतः सुमारे २६ वॉट, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी शक्ती देऊ शकतो. वेष्टनावरील '५० वॉट × ४' हा आकडा त्यामुळे सलग मिळणाऱ्या शक्तीचा नसतो. तुलनेसाठी आरएमएस मूल्य पाहतात.

स्पीकरची संवेदनशीलता ३ डेसिबलने अधिक असल्यास तितक्याच आवाजासाठी निम्मी शक्ती पुरते. संवेदनशील स्पीकर निवडल्यास मोठ्या ॲम्प्लिफायरचा खर्च टळू शकतो.

मर्यादित खर्चातील उभारणी

कमी खर्चात प्रथम पुढील स्पीकर बदलणे लाभदायक ठरते, कारण चालक मुख्यतः तेच ऐकतो. स्पीकर पक्क्या कड्यावर बसवून दरवाजाच्या पत्र्यातील मोकळ्या जागा बंद केल्यास व पत्र्याला कंपनरोधक ब्युटाइल थर लावल्यास नीच स्वर सुधारतात आणि खडखड कमी होते.

पुढच्या टप्प्यात चार चॅनेलचा एकच ॲम्प्लिफायर घेता येतो. त्याचे दोन चॅनेल पुढील स्पीकरना देऊन उरलेले दोन ब्रिज पद्धतीने जोडल्यास त्यांवर सबवूफर चालतो. मात्र अशा जोडणीत निर्मात्याने सांगितलेल्या किमान रोधापेक्षा कमी रोधाचा सबवूफर वापरता येत नाही. मोटारीच्या बंदिस्त कक्षामुळे अतिनीच वारंवारतांना नैसर्गिक उठाव मिळतो. त्यामुळे लहान बंद पेटीतला सबवूफरही अनेकदा पुरेसा ठरतो.

सुरक्षितता

वायर व फ्यूज यांवर काटकसर करणे धोक्याचे असते. ८० टक्के कार्यक्षमतेचा ३०० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीवर सुमारे २६ ॲम्पिअर प्रवाह ओढतो. एवढ्या प्रवाहाने बारीक वायर तापून आग लागू शकते. मुख्य फ्यूजचे काम वायरचे रक्षण करणे हे असल्याने तो बॅटरीजवळच बसवतात. त्याची क्षमता वायरच्या क्षमतेहून अधिक नसावी लागते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमच्या वायरी स्वस्त असतात, परंतु त्यांची वाहकता शुद्ध तांब्याहून कमी असल्याने त्या अधिक जाड घ्याव्या लागतात. वायर पत्र्यातून नेताना छिद्रात रबरी ग्रोमेट बसवतात.

ध्वनिमर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीचे ध्वनी आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. पातळी वाढेल तसा हा अवधी झपाट्याने घटतो. भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे.