श्रवण, संदर्भ आणि स्थलनाम : वसई परिसराच्या इतिहाससाधनांचा एक विचार

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांची चिकित्सा करताना लेखक कोण होता आणि त्याचा हेतू काय होता, हे प्रश्न आपण नेहमी विचारतो. त्याने जे लिहिले ते त्याने कसे ऐकले, हा प्रश्न मात्र सहसा मागे राहतो. परकीयांच्या कागदपत्रांतील स्थलनामे ही बहुतांशी कानांवर पडलेल्या शब्दांची लेखी रूपे होत. बोललेला शब्द ओळखताना मेंदू संदर्भाचा आधार घेतो. हे तत्त्व ध्यानात घेऊन वसई परिसराच्या नामांकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

संदर्भ आणि शब्दबोध

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त शब्दबोधाची मीमांसा केली. आरंभीचे ध्वनी श्रोत्याच्या बुद्धीत जणू बीज पेरतात आणि अखेरच्या ध्वनीबरोबर शब्द स्पष्ट होतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. अनेकार्थी शब्दाचा अर्थ ठरविताना साहचर्य, प्रकरण, औचित्य, देश, काल इत्यादींचे साहाय्य होते, हेही त्याने सांगितले. ‘सैंधव आण’ हे वाक्य भोजनसमयी ऐकले तर मीठ आणावयाचे आणि प्रस्थानसमयी ऐकले तर घोडा, हे शास्त्रकारांचे परिचित उदाहरण होय.

अर्थाबरोबर खुद्द ध्वनीही संदर्भाने ठरतो, हे विसाव्या शतकातील प्रयोगांनी दाखविले. १९५१ साली जॉर्ज मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, गोंगाटात सुट्या शब्दांपेक्षा वाक्यातील शब्द अधिक अचूक ओळखले जातात. तसेच संभाव्य शब्दांची संख्या जितकी कमी, तितकी ओळख सुकर होते. १९७० साली रिचर्ड वॉरन यांनी ‘लेजिस्लेचर्स’ या शब्दातील एक ध्वनी काढून तेथे खोकल्याचा आवाज घातला. २० श्रोत्यांपैकी १९ जणांना काहीही गाळले गेल्याचे जाणवले नाही. पुढील एका प्रयोगात ‘ईल’ या ध्वनीआधी खोकला ठेवला होता. वाक्याच्या अखेरीस आसाचा उल्लेख येताच श्रोत्यांनी ‘व्हील’ ऐकले, जोड्याचा उल्लेख येताच ‘हील’, तर संत्र्याचा उल्लेख येताच ‘पील’. ऐकण्यात उरलेली पोकळी मन स्वतःच्या संचयातून भरून काढते आणि भरल्याची जाणीवही होऊ देत नाही.

परक्या मुलखातील नाम ऐकणाऱ्याला असा वाक्यसंदर्भ फारसा लाभत नाही. अशा वेळी त्याच्या हाताशी उरतात त्या स्वभाषेच्या ध्वनिसवयी आणि आधी ऐकलेली नावे.

पोर्तुगीज श्रवण

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत पोर्तुगीज कागदपत्रांत तिचे नाव ‘बासाइं’ असे होते. मुंबईचे ‘बोंबाइं’ झाले आणि आगाशीचे ‘आगासाइं’. मूळ नावे वेगवेगळी. परंतु प्रत्येकाच्या अखेरच्या ईकाराला एकच अनुनासिक शेपूट जोडले गेले. असा अनुनासिक शेवट पोर्तुगीज भाषेत रुळलेला आहे. शिवाय १५१० पासून त्यांच्या ताब्यात आलेल्या गोव्यातील आगशीचे नावही ते याच रीतीने लिहीत. उच्चाराची सवय, लेखनाची रूढी आणि श्रवण यांचा वाटा येथे वेगळा करणे कठीण असले, तरी तिन्हींचा कल परिचिताकडेच आहे.

इंग्रजी श्रवण

पोर्तुगीज रूपावरून इंग्रजांनी ‘बॅसीन’ हे नाव घेतले. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात हे रूप तीन निरनिराळ्या नावांचा अपभ्रंश असल्याचे नोंदविले आहे : आपली वसई, ब्रह्मदेशातील आजचे पाथेन आणि वऱ्हाडातील वाशीम. एकदा ओळखीचे झालेले नाव पुढील अपरिचित नावांनाही आपल्यात ओढून घेते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. इंग्रजांनी १७८० साली घेतलेले ‘बॅसीन’ म्हणजे वसईचा किल्ला, तर १८५२ साली घेतलेले ‘बॅसीन’ ब्रह्मदेशातील. ३१ डिसेंबर १८०२ चा ‘बॅसीनचा तह’ वसईचाच. संदर्भ न पाहता केवळ नावावरून कागद निवडणारा अभ्यासक सहज फसू शकतो.

या कोशाचे शीर्षकही श्रवणाचीच साक्ष देते. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ हा घोष इंग्रज शिपायांच्या तोंडी ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाला, कारण ही दोन्ही आडनावे त्यांच्या ओळखीची होती. ‘बॉम्बे’ हे नाव चांगला उपसागर या अर्थाच्या ‘बॉम बाइया’वरून आले, ही लोकप्रिय व्युत्पत्ती याच प्रवृत्तीतून निघाली. पोर्तुगीज भाषेत ‘बाइया’ स्त्रीलिंगी असल्याने विशेषण ‘बोआ’ हवे होते, हे तिच्या पुरस्कर्त्यांच्या ध्यानात आले नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, परकीय साधनांतील नामरूप हा बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचाही पुरावा आहे. म्हणून अशा रूपावरून व्युत्पत्ती मांडण्यापूर्वी श्रोत्याची भाषा कोणती आणि त्याला आधी कोणती नावे ठाऊक होती, हे तपासणे आवश्यक ठरते.

हा निष्कर्ष केवळ गतकाळापुरता नाही. वसई परिसरात सामवेदी अर्थात कादोडी, वाडवळी अशा बोली आहेत. शेतांची, पाणवठ्यांची आणि पाड्यांची नावे या बोलींत जतन झाली आहेत. आज मौखिक इतिहासाचे प्रकल्प करणारे आपले अनेक विद्यार्थी प्रमाण मराठीच्या वा अन्य भाषांच्या संस्कारात वाढलेले असतात. तेही अनोळखी नाव ऐकताना नकळत ओळखीचा शब्द लिहून ठेवतील. म्हणून प्रत्येक नाम ध्वनिमुद्रित करावे, एकाहून अधिक जाणकारांकडून पडताळावे आणि नोंदणाऱ्याची मातृभाषाही नमूद करावी. ‘बासाइं’ची दुरुस्ती करता येते, कारण ‘वसई’ म्हणणारे लोक येथे आहेत. बोलणारेच उरले नाहीत, तर चुकीची नोंद हाच पुढे एकमेव पुरावा ठरेल.